समुद्राच्या तळाशी

३ नोव्हेंबर, मंगळवार
ठकीने फर्मान काढलं – वाढदिवसाला समुद्र हवा. घरात! चौदा तारखेला सात वर्षांची होणार. गेल्या महिन्यात जाऊबाईंनी मुलासाठी हॉल घेतला, जादूगार बोलावला. आपल्याला ते झेपणार नाही, तेव्हा घरीच, आणि हाताशी असेल त्यातच. नवरा म्हणाला, बादलीभर पाण्याने सुरुवात करू. ठकी हसली नाही. तिला लाटाबिटा नकोत, अगदी तळाशी असतो तो समुद्र हवाय.

घरात ही पोरगी अखंड बडबडते. उंबरठा ओलांडला की तोंडात मिठाची गुळणी! शाळेचं दुसरं वर्ष चाललंय आणि तिथे अजून एक शब्द नाही. बाई सांगत होत्या, हजेरीलाही नुसता हात वर करते.

५ नोव्हेंबर, गुरुवार
लॉन्ड्रीतून वाकडे झालेले हँगर आणि इस्त्रीच्या कपड्यांवर चढवतो त्या प्लास्टिकच्या फाटक्या पिशव्या मागून आणल्या. मालक म्हणाले, न्या, कचराच आहे. पिशव्यांच्या लांब पट्ट्या कापून छतापासून सोडल्या. पंखा लावला की पाणी हलल्यासारखं वाटतं. हँगरला कागदी मासे टांगले.

खरं काय ते इथेच लिहिते. मला समुद्राशी काही देणंघेणं नाही. वर्गातली आठ मुलं येणार आहेत, आणि घरात तर ती बोलतेच. त्यांच्यासमोर एकदा तोंड उघडलं की पुढे शाळेतही उघडेल. त्यासाठी हा सगळा खटाटोप. ठकीला यातलं काही माहीत नाही.

८ नोव्हेंबर, रविवार
तालीम घेतली. बेल वाजली की दार उघडायचं आणि म्हणायचं – या! बाकी काही नाही. नवऱ्याला जिन्यात उभं केलं. बिचाऱ्याने दहा वेळा बेल वाजवली, दहाही वेळा ठणठणीत "या!" पण बाबांना या म्हणायला काय लागतं?

सासूबाईंचं एकच पालुपद – तिला पढवू नकोस, बोलेल तेव्हा बोलेल. दोन वर्षं हेच ऐकतेय. वर्गात तिला तहान लागली तर ती सांगणार कुणाला?

१० नोव्हेंबर, मंगळवार
ठकी पुठ्ठ्यावर काहीतरी लिहीत होती. मी गेले तर पोटाशी धरून झाकलं. असू दे, मासा असेल.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
केकमध्ये निळा रंग घातला, भाजून निघाला हिरवा! सासूबाई म्हणाल्या, तळाशी शेवाळच असतं. नवरा खो खो हसला.

१४ नोव्हेंबर, शनिवार
पाचला बेल वाजली. सगळी एकदमच आली. मी ठकीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढे ढकललं. हो, ढकललं. ती नुसती उभी. मुलं पायपुसण्यावर ताटकळलेली. मी वाकून कानाशी म्हटलं, "ठके, एकदाच. आईसाठी." मानेवर घाम फुटला होता तिच्या, तरी म्हटलं!

मग दोन वेण्यांची एक मुलगी मलाच समजावायला लागली. "काकू, ती नाही बोलत. आम्हाला माहितीये." ही म्हणे वर्गातली सगळ्यांत बडबडी. ठकी माझ्या हातातून सुटली आणि टेबलाखाली शिरली. घरात आठ पाहुणे आणि जिचा वाढदिवस ती टेबलाखाली! सासूबाईंनी सरबत पुढे केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

बाहेर आले तर घरात चिडीचूप. गेली की काय सगळी? गेली नव्हती. मधोमध ठकी उभी, हातात तो पुठ्ठा. त्यावर लिहिलेलं – "हा समुद्र आहे. पाण्याखाली कोणी बोलायचं नाही." आणि आठही पोरं गाल फुगवून पोहत होती! नवरा खेकडा होऊन आडवा चालत होता. सासूबाईंनीसुद्धा गाल फुगवलेले. ठकी हाताने दाखवेल तिकडे सगळी वळत होती. बडबडीची तर फार पंचाईत, दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. केकही खुणांनीच कापला.

मी तिला बोलती करायला समुद्र केला. तिने तो मागितला होता बोलावं लागू नये म्हणून. मला, तिच्या आईला, हे कळलं नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार
सकाळी तिला म्हटलं, "काल मी तुला ढकललं. चुकलं माझं." तिने मान हलवली. मग म्हणाली, "समुद्र काढू नकोस." नाही काढला.

पण उद्या पुन्हा शाळा. पुन्हा तो वर केलेला हात. माझे सगळे उपाय संपले. आता काय करायचं असतं, कुणी सांगेल का?

१६ नोव्हेंबर, सोमवार
शाळेत एक शब्द नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार
संध्याकाळी बडबडीची आई तिला तासाभरासाठी सोडून गेली. समुद्र बघायचाय म्हणे. दोघी आत गेल्या, दार लोटून घेतलं. मी दूध घेऊन गेले आणि दाराबाहेरच थांबले. आत दोघी बोलत होत्या. दोघी!