नगर-नेवासा आणि पाचवं मत

दि. १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. सहादेवतात्यांस वाल्मिकचा नमस्कार. सत्यशीलाकाकूंनाही सांगावा. सावेडीच्या जिन्याने तुमचा गुडघा आणखी धरला असं ऐकलं. लिफ्ट सुरू झाली असावी. आज मांडववाल्याने खुर्च्या नेल्या. सकाळी कांद्याला पाणी दिलं. दुपारी आप्पांच्या वह्या उन्हात ठेवल्या. बाकी विशेष नाही.

आप्पांचा दहावा चांगला झाला. तुमची वाट पाहिली. पण सख्खा भाऊ एकवीस वर्षं घरी आला नाही, तो त्याच दिवशी येईल असं धरून चालणं बरोबर नव्हतं. झेडपीची निवडणूक तोंडावर असल्याने गर्दी भरपूर होती. आपलं गाव आता पारनेर मतदारसंघात, ओढ्यापलीकडचं राहुरीत आणि काकूंचं माहेर श्रीगोंद्यात. त्यामुळे तिन्हीकडचे कार्यकर्ते श्रद्धांजलीला आले आणि आप्पा आपल्याच मतदारसंघाचे आधारस्तंभ होते असं तिघांनीही सांगितलं. (आप्पा या तिन्हींतला एकही मानत नव्हते. २००८ च्या फेररचनेत आपला नगर-नेवासा मोडला तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते.) चौथे वक्ते म्हणाले, आप्पांच्या जाण्याने मतदारसंघ पोरका झाला. खरं तर मतदारसंघ आधी गेला. आप्पा सतरा वर्षं मागे राहिले.

त्यांनी लिहिलेला नगर-नेवाशाचा इतिहास अकरा वह्यांचा आहे. पहिल्या दहांत सगळ्या निवडणुका येतात, म्हणजे कोण उभं होतं, कोण पडलं, प्रचाराची जीप कुठल्या गावात रुतली. अकरावी वही पूर्ण २००४ ची, कारण त्या वर्षी ते स्वतः अपक्ष उभे होते. निशाणी शिलाई मशीन. नेवाशाकडच्या ज्या गावांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं तिथे वीस-वीस मतं पडली. आपल्या गावात चार. घरात मतदार पाच. (आप्पा, आई, तुम्ही, काकू आणि मी.) मतदानाच्या सकाळी तुम्ही समोरच्या उमेदवाराच्या मंडपात चहा प्यालात, एवढ्यावर आप्पांनी निकाल दिला. तुम्ही भैरोबाच्या पायरीला हात लावून शपथ घेतलीत, ती त्यांनी धरली नाही, आणि महिन्याभरात तुमचं सामान टेम्पोतून सावेडीला गेलं. शेवटच्या पानावर पाच नावं आहेत. चौघांपुढे बरोबरची खूण, तुमच्यापुढे फुली.

जायच्या आदल्या दिवशी आप्पांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, विहिरीच्या पाळीचं काही सांगतील. म्हणाले, "सहाद्याला इचार. म्हनावं, आता तरी खरं सांग. मी काय करनार हाय आता त्याला?" विचारतो म्हणालो. शब्द दिला म्हणून विचारतो: तात्या, दुसरीकडे गेलेलं पाचवं मत तुमचंच होतं का?

उत्तर सवडीने कळवावं.

आपला,
वाल्मिक

ता. क. एक कार्यकर्ते इतिहास छापून देतो म्हणतात. मुखपृष्ठावर त्यांच्या नेत्याचा फोटो. मी विचार करून सांगतो म्हणालो.

ता. क. २. वरच्या प्रश्नाचं उत्तर पाठवू नये. ते मत माझं होतं. आप्पा निवडून आले तर सत्काराला मला माईकवर बोलायला लावतील, या भीतीने मी दुसरं बटण दाबलं. (ते निवडून येतील असं वाटणारे गावात दोघंच होते, एक आप्पा आणि दुसरा मी.) निकालाच्या संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं, तोवर फुली मारून झाली होती. नंतर रोज ठरवत होतो. आदल्या दिवशीही तोंड उघडलं नाही. माझ्या नावापुढची खूण त्यांनी दोनदा गिरवली आहे.

ता. क. ३. फुली मी खोडलेली नाही, ती आप्पांच्या हातची आहे. तुम्ही येऊन खोडावी. एसटी स्टँडवर गाडी घेऊन थांबेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही चालेल. वही आणि पेन ओट्यावर ठेवतो आणि मी शेतात जातो. दिवस तेवढा कळवा.

टाकी भरून वाहायला लागली आहे. मोटर बंद करायला जातो.