तिसरा ठोका

२ डिसेंबर १९७४
आलो एकदाचे बंगल्यात! मिलमध्ये फिटरच्या हाताखाली लागलो तेव्हा सिव्हिल लाइनच्या याच रस्त्यानं पंक्चर सायकल ढकलत जायचो. आज फाटकावर माझी पाटी: दादाजी मेश्राम, मशिनरी दुरुस्ती. दलाल ओमप्रकाश चावी देताना पुटपुटला की आधीचे भाडेकरू टिकले नाहीत, भिंत बोलते म्हणे. मी म्हटलं, बोलू दे, आमच्या बाईले सोबत होईल. प्रेमिलानं कोपर मारलं.

बैठकीत साहेबाच्या काळची भिंतीतली शेकोटी आहे. तिच्यामागे चक्क बॉयलर, माणूस मावेल एवढा. इथे लाकडं पेटली की न्हाणीघरात गरम पाणी. नळ कधीचेच कापलेले. प्रेमिलाला तिथे बुद्धाच्या मूर्तीसाठी कोनाडा हवा आहे. म्हणजे बॉयलर निघालाच समजा.

४ डिसेंबर
मिलमधला जुना जोडीदार लहानू अवजारं घेऊन आला. मिलच्या बॉयलरमधला क्षाराचा थर खरवडायला माणूस आत शिरायचा, म्हणून नियम होता: हात लावण्याआधी हातोडीचे तीन ठोके द्यायचे अन् विचारायचं. उत्तर आलं, तर माणूस बाहेर निघेस्तोवर जागा सोडायची नाही. सवयीनं मी इथेही तीन ठोके दिले अन् गमतीनं ओरडलो, "कोन हाय गा आत? चहा घेतं का?"

आतून तीन ठोके आले.

लहानू म्हणाला, उंदीर. उंदीर असे मोजून ठोकत नाहीत. जन्मभर लोखंड ऐकत आलोय, ठोक्यावरून हात ओळखतो. माणसाचा हात होता. तिसरा ठोका जरा हलका.

५ डिसेंबर
प्रेमिला म्हणते, लिंपून टाका अन् जुन्या मोहल्ल्यात परत चला. मी साफ नाही म्हटलं. घर घामाच्या पैशानं घेतलंय. भूतखेत आपण सोडून वर्षं झाली. अन् उत्तर आलंय. माणूस असेल तर काढीन, नसेल तर लोखंड भंगारात.

७ डिसेंबर
विटा पाडल्या, बॉयलर अंगणात ओढला. लहानूनं गॅसकटरनं कापला. रिकामा, कोरडा ठणठणीत. आतल्या पांढऱ्या थरावर ओरखडे. तळाशी लाल पेन्सिलीचा तुकडा, टोक चावलेलं. मी कानावर ठेवतो तशीच. मीही चावतो.

चहा पिताना पुन्हा ठोके. बॉयलरमधून नाही, भिंतीत त्याच्या जागी उरलेल्या अंधाऱ्या पोकळीतून.

८ डिसेंबर
लहानू बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "तिसरा ठोका तुह्यासारखाच पडते गा. त्या आंगठ्यापायी." मिलच्या यंत्राच्या पट्ट्यात माझा आंगठा चेंगरला तेव्हापासून तिसऱ्या ठोक्याला पकड सुटते, खरं आहे. त्याच्या घरी कन्हानला चाल म्हणाला. मी हसलो. हसायला थोडा वेळ लागला.

९ डिसेंबर, दुपार
प्रेमिला बहिणीकडे सावनेरला गेली. मला ओढत होती, मी हात सोडवला. ठोके हळू झालेत. दमलाय आतला. नियम म्हणजे नियम. टॉर्च, हातोडी, कानावर पेन्सिल, ही वही खिशात. पोकळीत शिरतो. कोणी का असेना, ओढून काढ—

तारीख नाही
आत शिरून मागे वळलो तर विटांतलं भोक नाही. हात लावीन तिथे लोखंड. गोल. गुडघे छातीशी. पण बॉयलर तर अंगणात कापून पडलाय, माझ्या डोळ्यांदेखत—

टॉर्च मंदावली. रडणार नाही. ठोकतो.

ठोकतो.

पावलं! बाहेर हातोडी. एक, दोन, अन् हलका तिसरा. माझाच आवाज, मजेत: कोन हाय गा आत? चहा घेतं का?

घेतो ना बाप्पा! ठोकून राहिलो मी—

ओळखतो मी त्याला. माणूस निघेस्तोवर हलणार नाही. कापील बॉयलर, अन् त्यात फक्त पेन्सिल— नाही. या खेपेला नाही. आंगठा तुटला तरी बेहत्तर, तिसरा ठोका असा हाणतो की त्याले आत्ताच कळेल, आत तोच—