चालू वर्तमानकाळात न चालणारं क्रियापद

पांढरकवडा,
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रियंका,

जयभीम.

हे पत्र मराठीत पाहून तुला नवल वाटेल. तू हॉस्टेलला गेलीस तेव्हापासून मी तुला लिहिलेलं प्रत्येक पत्र इंग्रजीत होतं, तेही तुला सराव व्हावा म्हणून. त्यात खुशाली कमी आणि नवे शब्द जास्त असायचे. आता सहासष्ट वर्षं पूर्ण झाली. इंग्रजीत लिहायला बसलो की आजही पाठ आपोआप ताठ होते, कोणीतरी मागे उभं राहून चुका काढतंय असं वाटतं. आज तेवढी ताकद नाही. म्हणून मराठीत लिहितो आहे. अक्षर वाकडंतिकडं आलं असेल तर समजून घे.

इकडे कापसाच्या गाड्या जिनिंग मिलला लागायला सुरुवात झाली. दिवसभर दारासमोर धूळ असते. माझा उजवा गुडघा जिना चढू देत नाही, म्हणून झोपायची खोली खाली आणली. तुझी वरची खोली तशीच आहे. आईचं पुढे लिहितो.

विहाराच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो, हे आईने तुला सांगितलं असेल. फी नाही, म्हणून हजेरीही नाही. पाच-सहा जण येतात, सगळे नोकरी करून खात्याच्या परीक्षेला बसणारे. त्यात वैष्णवी नावाची एक मुलगी आहे, एसटीत कंडक्टर. ड्युटी संपली की खाकी कपड्यांतच येते, पहिल्या रांगेत बसते आणि बसल्या बसल्या पायातले बूट काढते. मागच्या महिन्यात मी त्यांना नापसंतीची क्रियापदं शिकवत होतो. तुला आठवत असतील. डिसलाइक, हेट, डिटेस्ट, अ‍ॅभॉर. फळ्यावर मी अजून तशाच चार पायऱ्या काढतो आणि अ‍ॅभॉर सर्वांत वरच्या पायरीवर लिहितो.

नववीत तुमच्या वर्गाला शिकवलं तेव्हा मी काय सांगितलं होतं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. हा शब्द भाजीसाठी वापरायचा नाही, उन्हाळ्यासाठी नाही, गणिताच्या तासासाठीही नाही. हा बोलण्यातला शब्द नव्हे, लिहिण्यातला आहे आणि तो जपून खर्च करायचा. नुसता राग आला म्हणून अ‍ॅभॉर होत नाही. मन आणि बुद्धी दोन्ही मिळून जेव्हा एखाद्या गोष्टीपासून शहारून मागे सरतात, तेव्हा तो लिहायचा. आणि होता होईतो माणसासाठी लिहायचा नाही, वागणुकीसाठी लिहायचा. उदाहरण म्हणून मी एकच वाक्य दिलं होतं : वी अ‍ॅभॉर अनटचेबिलिटी. माझ्या वडलांना मुकुटबनच्या बाजारात ओंजळीत वरून पाणी ओतायचे. ते मी पाहिलेलं होतं, म्हणून ते वाक्य मला पुस्तकात शोधावं लागलं नाही. वर्गात सगळ्यांनी ते वहीत उतरवलं. तू दुसऱ्या बाकावर होतीस. मी तुझी वही सगळ्यात आधी तपासली आणि तुझं अक्षर गिचमिड आहे म्हणून सगळ्यांसमोर ते पान तुला पुन्हा लिहायला लावलं. मास्तरच्या पोरीला मार्क फुकट मिळतात असं कोणी म्हणू नये, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात असायचं. माझ्या वर्गात तू तीन वर्षं होतीस आणि तीन वर्षांत मी तुला एकदाही शाब्बास म्हटलं नाही. हे मी आत्ता लिहिताना मोजून पाहिलं.

तर वैष्णवीने वहीत लिहिलं होतं, आय अ‍ॅम अ‍ॅभॉरिंग माय ड्युटी. मी रेघ मारली आणि तिला नियम सांगितला. प्रेम करणं, द्वेष करणं, ओळखणं, मानणं ही मनाच्या स्थितीची क्रियापदं आहेत. ती चालू वर्तमानकाळात येत नाहीत, त्यांना आयएनजी लागत नाही. आय अ‍ॅभॉर, एवढंच बरोबर. बत्तीस वर्षं नोकरीत मी हे सांगितलं आणि कोणी उलट प्रश्न केला नाही. ही मुलगी म्हणाली, "पण सर, काल त्या ढाणकीच्या गाडीत एका पॅसेंजरनं सुट्ट्या पैशावरून माह्या आईचं नाव काढलं. म्हणून मी आज अ‍ॅभॉर करून राह्यली. परवापर्यंत उतरते माहा राग. तुमच्या वाक्यानं त ते जन्माचं झालं न! मले जन्माचं नाही लिहायचं. मले आजचं लिहायचं हाय."

सगळे हसले. मीही हसलो असेन. मग मी खडू ठेवला, तब्येत बरी नाही म्हणालो आणि वर्ग सोडून घरी आलो.

तुझं पत्र नागपूरहून आलं होतं, इंद्रजितमामाच्या घरून. एप्रिल २००९. एक पानाचं, इंग्रजीत. ते मला पाठ आहे पण इथे सगळं लिहीत नाही. तुलाही ते माहीत आहे. शेवटची ओळ होती, आय अ‍ॅम अ‍ॅभॉरिंग यू, बाबा.

त्या पत्रापर्यंत काय झालं होतं ते आपण दोघांनी आजवर कधी बोललेलं नाही. म्हणून आज मी ते माझ्या बाजूने एकदा लिहितो. तुझ्या लहानपणी आई मुकुटबनच्या दवाखान्यात नर्स होती आणि रविवारीच घरी यायची. तुला वाढवलं ते हंसाआत्याने. माझी ही मोठी बहीण, नवऱ्याने टाकलेली. दिवसा जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायची आणि संध्याकाळी केसांत कापसाचे तंतू घेऊन तुझी वेणी घालायची. तिला सही येत नव्हती, पण तुझी इंग्रजीची कविता तिला तुझ्याआधी पाठ व्हायची. तुझी बारावीची परीक्षा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी, ती गेली. तू अमरावतीला हॉस्टेलमध्ये होतीस. पहिला पेपर इंग्रजीचा होता. मी ठरवलं की तुला कळवायचं नाही.

दर रविवारी तू हॉस्टेलच्या नाणी टाकायच्या डब्यावरून फोन करायचीस आणि माझ्याशी बोलून झालं की म्हणायचीस, आत्याला द्या. पहिल्या रविवारी मी सांगितलं, ती झोपली आहे. दुसऱ्या रविवारी सांगितलं, शेजारी हळदीला गेली आहे. तिसऱ्या रविवारी तू विचारलंस, "माह्यावर रागावली काय थे?" आणि मी म्हणालो, हो, तू अभ्यास करत नाहीस म्हणून. एवढं खोटं कशाला बोललो, मला आजही कळत नाही. आई तिथेच उभी होती. ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली. माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

तू पेपर संपवून आलीस तेव्हा मी स्टँडवर यायला वीस मिनिटं उशीर केला. घरी नेऊन, पाणी देऊन मग सांगायचं, असं मी मनात मांडून ठेवलं होतं. पण जिनिंगमधली एक बाई तुला आधी भेटली. तिने तुला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "तुह्या आत्याले जाऊन महिना होत आला न वं पोरी, आता रडू नको." तू रडत नव्हतीस. तिला वाटलं, तुला माहीत आहे. मी आलो तेव्हा तू बॅगेवर बसली होतीस. माझ्याकडे पाहून तू एवढंच विचारलंस, "रागावली नव्हती न थे?"

आठव्या दिवशी तू मामाकडे गेलीस आणि पंधरा दिवसांनी ते पत्र आलं.

मी ते जेवणाच्या आधी वाचलं. आई जेवायला बोलावत होती. त्या पानाचं काय करावं, ते मला कळलं नाही. ज्या पायरीवर मी माझ्या वडलांच्या ओंजळीत पाणी ओतणाऱ्यांना ठेवलं होतं, त्या पायरीवर तू मला ठेवलं होतंस, आणि शब्द मीच शिकवलेला होता. मी टेबलाशी बसलो, लाल पेन घेतलं आणि तुझं पत्र तपासलं. दोन स्पेलिंगं आणि एक क्रियापद. अ‍ॅम खोडलं, आयएनजी खोडलं, वर लिहिलं, आय अ‍ॅभॉर यू. नव्या पाकिटात घातलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पोस्टात टाकलं. माझं स्वतःचं एक अक्षरही त्यात नव्हतं.

त्यानंतर तू घरी येत राहिलीस, नाही असं नाही. दिवाळीत, चौदा एप्रिलला. हैदराबादला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात मला शर्ट आणलास. फोनवर आईशी अर्धा तास बोलतेस आणि मला विचारतेस, बरं आहे ना? मी म्हणतो, बरं आहे. सोळा वर्षं हे असं चाललं आहे. लोकांना वाटतं, बाप-लेक दोघेही मितभाषी आहेत.

त्या दिवशी वर्गातून घरी येऊन मी रात्री उशिरापर्यंत नुसता बसलो होतो. प्रियंका, तू वऱ्हाडीत विचार केला होतास आणि इंग्रजीत लिहिलं होतंस. "बाबा, मी तुमचा तिटकारा करून राह्यली." आज, या दिवसांत, अजून संपलेलं नाही असं. सतरा वर्षांच्या मुलीच्या त्या वाक्यात संपायची सोय होती. व्याकरणाच्या नावाखाली ती सोय मी काढून टाकली आणि दुरुस्त केलेलं वाक्य तुझ्या हातात परत ठेवलं. मी स्वतः त्याच बोलीत वाढलो. मला ते ऐकू यायला हवं होतं. ऐकू आलं नाही याचं कारण कान नव्हे, अहंकार.

माफी मागायची तर पूर्ण हिशेबाने मागावी. म्हणून अजून एक सांगतो, जे आईशिवाय कोणाला माहीत नाही. हंसाआत्या अचानक गेली असं मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही. ती अचानक गेली नाही. मंगळवारपासून तिला श्वास पुरत नव्हता. बुधवारी सकाळी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बळी, पोरीले बोलाव. एक डाव पाह्यते अन् मंग जाऊ दे तिले परीक्षेले." मी म्हणालो, बोलावतो. आई म्हणाली, मी आज जाऊन घेऊन येते, एसटीने रात्रीपर्यंत परत येऊ. मी आईला जाऊ दिलं नाही. डॉक्टर म्हणाले होते आठवडा निघेल, आणि मला वाटलं पहिला पेपर होऊन जाऊ दे. गुरुवारी आणि शुक्रवारी आत्या दाराकडे पाहत होती. शनिवारी तिने विचारणं सोडलं. तुला इंग्रजीत एक्क्याण्णव मार्क मिळाले. निकालाच्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले.

हे वाचून तुला जे वाटेल ते योग्यच असेल. त्याच्यासाठी कुठलं क्रियापद घ्यायचं आणि ते कुठल्या काळात चालवायचं, ते तू ठरव. मला आता दुरुस्त करायचं काही नाही. मी थकलो आहे. तुझ्यापासून लपवून नव्हे, लपवलेलं सांभाळून.

आता आईचं. गेल्या महिन्यात तिला डाव्या बाजूला गाठ लागली. स्वतः नर्स असूनही तिने ती तीन आठवडे अंगावर काढली. नागपूरला तपासण्या झाल्या. गाठ कॅन्सरची आहे, दुसऱ्या टप्प्यातली. डॉक्टर म्हणतात बरी व्हायची शक्यता चांगली आहे, पण ऑपरेशन लांबवायचं नाही. ते चोवीस तारखेला सकाळी आहे, नंतर औषधाचे सहा डोस. तू पंधरा तारखेला कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीला निघणार, हे आईला माहीत आहे. म्हणून तिने मला तुझी शपथ घातली की पोरीला सांगायचं नाही, परत आली की सांगू, तिने पाच वर्षं या संधीची वाट पाहिली आहे. तू फोन करतेस तेव्हा ती माझ्यासमोर बसून, हसून बोलते आणि फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडते. काल रात्रीच्या जेवणाला तिने दोन घास खाल्ले आणि मला विचारलं, "जर्मनीहून फोन लागते न जी इथं?" मी हो म्हणालो आणि त्याच वेळी ठरवलं. फोनवर तुला सांगता आलं नसतं, ती शेजारीच असते. सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स सोबत ठेवल्या आहेत. स्पीडपोस्टाने सोमवारपर्यंत तुला मिळेल, म्हणजे तुझ्या हातात पाच दिवस राहतात. तू जर्मनीला गेलीस तरी मी समजून घेईन आणि आईला तर समाधानच वाटेल. इथे आलीस तर वरची खोली मी उद्या झाडून ठेवतो. तुला सांगितलं, हे मी आज संध्याकाळी आईला सांगणार आहे. ती चिडेल, चिडू दे. काय करायचं ते तू ठरव, बाळा. तुझ्या वतीने मी या वेळी काही ठरवलेलं नाही.

तुझाच,
बाबा