मोगऱ्याचा डबा

अमरावती, ७ एप्रिल १९६४

प्रिय कौशल्या,

तुला आठवतं? अकोल्याची खोली सोडली त्या दिवशी सगळं सामान बंडीत चढलं आणि मोगरा लावलेला रॉकेलचा डबा तू मांडीवर घेऊन बसलीस. बार्शीटाकळी येईपर्यंत तुझं लुगडं ओल्या मातीनं माखलं होतं. यांची पोस्टातली बदली आली की दोन दिवसांत आपण निघायला मोकळे. भाड्याच्या घराचं ते सुख मी अजूनही मानते. छप्पर गळलं तर मालक बघेल, शेजार वाईट निघाला तर दुसरी आळी.

पण ती दुसरी आळी मिळायला हवी ना! आडनाव विचारलं की हे सरळ सांगून टाकायचे, आणि खोली नुकतीच कुणालातरी दिलेली असायची. छप्पनच्या दीक्षेनंतरही बडनेऱ्यात तेच. तू हसून म्हणायचीस, "ताई, या गावात खोल्या लय झपाट्यानं जाऊन राहिल्या!" मला हसू येत नसे. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं अदबीचं बोलणं तिथे काही कामाचं नव्हतं.

हे गेल्यावर मी हे दोन खोल्यांचं घर घेतलं, तेव्हा तू धाकटी बहीण असून माझ्यावर रागावलीस. "काहून खुट्याले बांधून घेऊन राहिली?" म्हणालीस. धाकधूक मलाही होतीच. आषाढात डबा उपडा करून मोगरा अंगणात लावला. मुळं डब्यासारखीच चौकोनी झाली होती गं. नऊ वर्षं बिचारी कोपऱ्यापाशी येऊन वळत राहिली होती.

परवा आळं करताना सहज उकरलं, तर एक मूळ पार विहिरीच्या कठड्याशी पोचलेलं. चांगलं चार हात! मी तिथेच मातीत बसून राहिले. आता पुढे जायला हरकत नाही, हे त्याला कुणी सांगितलं असेल? या वर्षी फुलं ओंजळीत मावत नाहीत.

सोमवारी नागपूरला माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर धीर देतात, पण नजर चुकवतात. म्हणून हे लिहिते आहे. घर तुझ्या नावे केलंय. कागद उत्तमराव वकिलांकडे आहेत. राहा, नाहीतर विक. माझ्यासाठी अडकून पडू नकोस. यांचं मनगटी घड्याळ आपल्या देवमनला दे. यांचा सख्खा धाकटा भाऊ तो, फार जीव होता त्याच्यावर. डब्यात मोगऱ्याची फांदी लावून ठेवली आहे, तो शेजारच्या मैना मास्तरणीला. तिची बदली झाली आहे. बुद्धाची तसबीर भिंतीवरच राहू दे. आणि घर भाड्यानं दिलंस, तर येणाऱ्याला माणसं किती ते खुशाल विचार. आडनाव विचारू नकोस.

तुझीच,
सत्यवतीताई