ठकूबाईची अकरा कार्डं

३ नोव्हेंबर १९९७

आले एकदाची! पिंपळवंडीला एसटीतून उतरले आणि पुढं वाडीपर्यंत भागूभाऊंच्या टेम्पोत, टोमॅटोच्या क्रेटशेजारी अंग चोरून बसून. नव्या वाचनालयाची पहिली ग्रंथपाल म्हणून गावानं नारळ दिला, हार घातला. वाचनालय म्हणजे एकच खोली. पण भिंती आकाशी रंगाच्या आणि खिडकीबाहेर लगेच ऊस. मागच्या खोलीत माझं बिऱ्हाड. आईला लिहून टाकलं, तुझी ज्योत्स्ना आता दोन कपाटांची आणि एकशे चाळीस पुस्तकांची मालकीण झाली.

६ नोव्हेंबर

भागूभाऊंनी त्यांच्या वडिलांची, सोमाजींची, ट्रंक वाचनालयाला दिली. सोमाजी मागच्या वर्षी वारले. ट्रंकेत पोथ्या, पंचांगं आणि तळाशी सुतळीनं बांधलेली अकरा चित्रकार्डं. सगळ्यांवर मुंबईचं ऑपेरा हाऊस. कुठं दर्शनी कमानी, कुठं लाल पडदा, कुठं सज्जे आणि सोनेरी छत. रंग हातानं भरलेले, अजून टवटवीत. मागं बाळबोध अक्षर, साल १९३६, आणि नाव बयाबाईचं.

बयाबाई ही भागूभाऊंची आत्या, वाडीच्या टोकाला राहते. तिची थोरली बहीण ठकूबाई गाण्यापायी नाटक कंपनीबरोबर निघून गेली, तेव्हापासून घरात तिचं नाव बंद. बयाबाईला वाचता येत नाही. पत्रं आली की पोस्टमन सोमाजींच्या हातात द्यायचा. एवढं सांगून भागूभाऊ मान खाली घालून टेम्पोकडे गेले.

७ नोव्हेंबर

दुपारी कार्डं घेऊन गेले. कांदे साठवायच्या चाळीला लागून दोन खोल्या, दारात शेळी. बयाआजी कार्डावरच्या कमानींवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "एकसष्ट वर्सं मला वाटलं, ठकी मला इसरली."

मी सगळी वाचायला घेतली तर हात धरला. "एका दिसात नगं संपवू, बाई. रोज एक."

पहिल्या कार्डात ठकूबाई लिहिते, की स्वतःला अक्षर येत नाही, कंपनीतला एक माणूस लिहून देतो. छत एवढं उंच की गाताना आपला आवाज आपल्याकडे परत येतो. बयाआजी हे ऐकून लहान पोरीसारखी हसली.

१४ नोव्हेंबर

आठवं कार्ड. आता मजकूर उदास होत चाललाय. तू उत्तर का देत नाहीस, माझा राग आला का? अंगात ताप आहे, गाणं बंद आहे. आजी ऐकताना पदर तोंडात धरून बसते. डॉक्टरांनी तिला छातीला जपायला सांगितलंय.

चित्रात पायऱ्यांवर एक बाई उभी आहे, काळसर लुगड्यातली. आधी नजरेतून सुटली असावी.

१७ नोव्हेंबर

शेवटचं कार्ड मी आधी एकटीनं वाचलं. "बये, मला न्यायला ये. ताप उतरत नाही. दादानं माझी चिठ्ठी न वाचता माघारी धाडली. तू आली नाहीस तर मी येईन. माझं बोलणं तुझ्यापासून कुणी लपवून ठेवलं, ते विचारीन."

दादा म्हणजे सोमाजीच. हे कसं वाचू तिला? मी कार्ड हातात धरून वेगळंच वाचलं. बरी आहे, लग्न झालं, सुखात आहे. आजी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं झालं गं."

चांगलंच केलं मी. तरी जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर

अकराही कार्डांवर ती बाई आहे. सज्ज्यात. पडद्यापुढं. कमानीत. प्रत्येक कार्डात आधीच्यापेक्षा मोठी. आज चेहरा दिसतो, फक्त डोळे मिटलेले.

आजीकडे गेले. ती खुशीत. म्हणाली, दुपारी ठकी आली व्हती, अंग लई तापलं व्हतं तिचं. "ती म्हणती, शेवटलं माझं न्हाई. कोण वाचतं इचारत व्हती. मी सांगितलं, वाचनालयातली बाई."

२० नोव्हेंबर

दिवसभर ठरवत होते. उद्या सकाळी जाऊन खरं सांगते. तिच्या पाया पडते आणि आहे तसं वाचते.

२१ नोव्हेंबर

उशीर झाला. बयाआजी दारातच बसल्या बसल्या गेलेली. पुढ्यात चहाचे दोन कप, दोन्ही रिकामे. भागूभाऊ रडत म्हणाले, छातीनंच घात केला. मला तिच्या कानात ते कार्ड वाचायचं होतं. बायका भोवती होत्या. धीर झाला नाही.

तिच्या उजव्या तळव्यावर भाजल्याचा डाग होता. कुणीतरी हात धरून ठेवल्यासारखा.

२२ नोव्हेंबर

कार्डं पाहिली. पायऱ्या रिकाम्या. सज्जे रिकामे. ती कुठंच नाही—

उसात काहीतरी हललं. भागूभाऊ म्हणाले, बिबट्या असेल, दार लावून घ्या. बिबट्या गुणगुणत नाही.

२३ नोव्हेंबर, दुपार

दारात आहे. कडी लावली होती मी.

मागच्या खोलीला दुसरं दार नाही.

कार्ड पुढं केलं. घेतलं नाही. माफी मागितली— बया गेली म्हटलं, आता कुणाला वाचू— ती एवढंच म्हणाली, "वाच."

वाचलं. "परत वाच."

वाचत असते तोवर उंबऱ्यात थांबते. श्वास घ्यायला थांबले की एक पाऊल आत.

सात पावलं झाली. टेबलाला आच लागतेय. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणते आहे, म्हणजे खंड पडणार नाही—

बये मला न्यायला ये ताप उतरत नाही दादानं माझी चिठ्ठी न वाचता माघारी धाडली तू आली नाहीस तर मी येईन बये मला न्यायला ये ताप उतरत नाही

घसा बसला. नुसते ओठ—

डोळे उघडले तिनं

बये मला न्यायला