नववं घर

१ सप्टेंबर
मिहानमध्ये नोकरी मिळाली आणि जवळच घरही. गंमत म्हणजे कॉलनी चक्क गोल आहे. मधल्या कडुनिंबाभोवती आठ घरं होती. मालकाने उरलेल्या फटीत नववं घुसवलं, ते आमचं. शेजारच्या मारोतरावांनी आल्या आल्या सांभारवडी पाठवली. आमच्या छोट्या चिन्मयीने एकटीने चार संपवल्या. मी नागपूरच्या नावाने उगाच नाक मुरडत होतो, असं हिमानी म्हणते.

५ सप्टेंबर
काल चिन्मयी तापली होती, आज बरी आहे. आज दोन्ही शेजाऱ्यांच्या दारांवर कडुनिंबाची डहाळी. ज्या घरात ताप, त्याने ती लावायची, असा इथला रिवाज. पोळ्यानंतर हा ताप दरवर्षी येतो आणि चार दिवसांत जातो, असं मारोतराव म्हणाले.

१२ सप्टेंबर
गेला नाही. काल आमचं सोडून आठही दारांवर डहाळ्या होत्या. आज पुन्हा गेल्या गुरुवारसारख्या दोनच. कॉलेजात संगणकावर असाच खेळ खेळायचो. चौकटींचा गोल, शेजारच्या दोघींपैकी एकच पेटलेली असेल तर उद्या आपण पेटायचं, नाहीतर विझायचं. डहाळ्या तंतोतंत तशाच चालल्यात! मी भलताच खूश आहे.

१५ सप्टेंबर
झाडाखाली सगळ्यांना खडूने काढून दाखवलं. आठ घरं असली की ताप चार दिवसांत विझतो. नऊ असली की दर आठवड्याला तसाच फिरत राहतो, आणि जिथे सुरू झाला ते आमचं घर कायमचं सुटतं. हे मी हसत सांगितलं. मारोतरावांच्या मांडीवर त्यांची नात भैरवी होती, पार वाळलेली. एक घर कमी झालं तर, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, थांबेल.

१८ सप्टेंबर
पुन्हा आठही दारं. भैरवी गेली. मला स्वतःची लाज वाटते. उद्या घर सोडतो, असं मारोतरावांना सांगून आलो. ते शांतपणे म्हणाले, "खाली करून काय होते, ऋषीभाऊ? मालक दुसरा भाडेकरू आणते. असं झालं पाहिजे का या घरात कोणी पायच नाही ठेवणार."

१९ सप्टेंबर
बाहेरून कडी. खिडक्यांना गज. आमचं सामान न्यायला आलेली गाडी कॉलनीवाल्यांनी फाटकातूनच परत पाठवली. पोलिसांना फोन केला, निघालेत म्हणे —

सगळे जमलेत. आरडाओरडा नाही. वाळक्या डहाळ्या आमच्या दाराशी रचताहेत. रॉकेलचा वास —

निदान पोरीला तरी बाहेर घ्या, म्हणून हिमानी गजांतून हात जोडतेय. मारोतराव जवळ आले. "पोर जळलं तरच लोक घाबरतीन, बाई."

धूर. चिन्मयी खोकतेय. विचारतेय, आपल्याला तर ताप नाही, मग आपल्या दाराला डहाळ्या का — काय सांगू, हे तर मीच त्यांना —