राहीबाईचा प्रश्न

तिसगाव, शुक्रवार, १२ जानेवारी १९४५

येत्या रविवारी राहीबाईचा बाप्तिस्मा. आज संध्याकाळी शेवटची शिकवणी घ्यायला तिच्या घरी गेलो.

स्वर्गाचा धडा चालला होता. म्हातारी मेलेल्या नवऱ्याचं जुनं घोंगडं पांघरून ऐकत होती. मधेच म्हणाली, "पाळकसायेब, माजा धनी तितं असंल का? त्यो गेला तवा येशूचं नावबी आमाला ठावं न्हवतं."

शिकलेलं उत्तर ओठांवर आलं. विश्वासावाचून तारण नाही. अर्धं बोललोही. तिनं घोंगडं अंगाभोवती आवळलं. "मंग मला नगं त्यो सर्ग. त्यो जितं हाय तितं मी जाईन."

खोटं सांगवेना, आणि खरं काय ते ठाऊक नाही. शेवटी म्हणालो, "राहीबाई, मला माहीत नाही. पण तुमच्यापेक्षा देवाची त्याच्यावर कमी माया असेल, असं मला वाटत नाही."

तिनं घोंगडं चाचपलं. मग म्हणाली, "बरं. ऐतवारी येते. पर धनी न्हाई दिसला तर देवाला जाब इचारीन."

मी चुकलो का? वरिष्ठांना कळलं तर ते चुकलो असंच म्हणतील. पण परतताना वाटेत माझी आई आठवली. माझ्या बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांनी ती गेली, स्वतः बाप्तिस्मा न घेताच. इतकी वर्षं स्वर्गावर उपदेश करतोय, पण तिच्याबद्दल हा प्रश्न विचारायचं धाडस झालं नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना करू नये, अशी आमची शिकवण. आज घरी येऊन गुडघे टेकले आणि पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं.